नक्कल खिडकी, सेतू केंद्र आणि डीएनए किट: ‘मूळचे कुठले’ याचं उत्तर कोण नीट देतं?

‘तुम्ही मूळचे कुठले?’ या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या तीन सेवा सध्या सांगली-सातारकरांच्या समोर आहेत. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून मिळणारी जुन्या कागदांची नक्कल, सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवरून मिळणारा वय, राष्ट्रीयत्व व अधिवास दाखला, आणि कुरिअरने घरी येणारी डीएनए किट. विटा-खानापूर-आटपाडीकडची, देशभर सोन्या-चांदीच्या आटणीच्या धंद्यात पसरलेली गलाई मंडळी, पुण्या-मुंबईत स्थिरावलेले माण-खटावकर, आणि परदेशी पासपोर्ट घेतलेल्यांची मुलं या तिन्हींवर पैसे घालतात. बहुतेक वेळा चुकीच्या क्रमाने घालतात.

गुण आधीच देऊन टाकतो. अधिवास दाखला पाचपैकी चार, नक्कल साडेतीन, किट एक. नक्कल मिळवणं सगळ्यांत कटकटीचं आहे, पण बाकीच्या दारांची किल्ली तीच असल्यामुळे जास्तीत जास्त जागा तिला.

आधी तारीख विचारा

सरकारी खिडकीला तुमच्या रक्ताशी देणंघेणं नसतं. ती विचारते, अमुक तारखेला तुमचं घराणं कुठे राहत होतं? आणि प्रत्येक कामाची तारीख वेगळी असते. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख लागू आहे. त्या दिवशी कुटुंबाचं कायम वास्तव्य ज्या उपविभागात होतं, तिथल्याच प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. आज तुम्ही पिंपरीत राहता की कुपवाडला, याने फरक पडत नाही. परप्रांतातून आलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला मूळ राज्यातला दर्जा नव्या राज्यात आपोआप मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात स्पष्ट केलं. ते प्रकरण मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्रवेशाचंच होतं.

अधिवासाला अशी ठरलेली तारीख नाही. तिथे आजपासून मागे वर्षं मोजतात. ओसीआय कार्डाला, म्हणजे परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डाला, २६ जानेवारी १९५० हा पाया. त्यामुळे ‘सगळे जुने कागद काढून ठेवू’ म्हणून निघालेला माणूस चार महिने घालवतो आणि नेमका हवा तो कागद त्यात नसतो. आपल्या कामाची तारीख एका चिठ्ठीवर लिहा, तिच्याआधीचा एक पक्का कागद शोधा, मग बाकीचे.

नक्कल: सेवा चांगली, पण वाट तुम्हालाच माहीत हवी

सुरुवात चालू सातबाऱ्यापासून करा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. त्यात खातेदाराच्या नावाजवळ आणि इतर हक्कांच्या रकान्यात जे फेरफार क्रमांक, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदींचे क्रमांक, दिसतात, तेच तुमचे मैलाचे दगड. त्या फेरफारांचे, म्हणजे गाव नमुना सहाचे उतारे मागवा. त्यातला वारस नोंदीचा फेरफार हा वंशावळीसाठी सोन्याचा कागद असतो, कारण खातेदार कधी मयत झाला, मागे कोण मुलं, मुली, विधवा राहिली, हे सगळं एका परिच्छेदात असतं. वारसांची वेगळी नोंदवहीही असते, गाव नमुना ६-क. फेरफार सापडला तरी ती पाहून घ्यावी, कारण फेरफारात ‘वगैरे’ म्हणून गुंडाळलेली नावं तिथे एकेक करून मिळू शकतात.

मागे जाताना पहिली भिंत लागते ती गट नंबरची. १९४७ च्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्याखाली गावोगाव एकत्रीकरण झालं, सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले. आजोबांच्या काळातला कागद सर्वे नंबरवर असतो आणि तुमच्या हातात गट नंबर. खिडकीवर गट नंबर देऊन १९४५ चा उतारा मागितला तर ‘आढळ होत नाही’ असं उत्तर येणार, आणि ते खोटंही नसतं. यासाठी आधी उपअधीक्षक भूमि अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाच्या जबाबाचा उतारा घ्यायचा. जुना सर्वे-हिस्सा नंबर आणि नवा गट नंबर त्यात शेजारीशेजारी असतात. हा एक टप्पा गाळल्यामुळे जितके अर्ज फुकट जातात, तितके दुसऱ्या कशानेही जात नसतील.

नक्कल अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि मागणी नेमकी लिहा: गाव, त्या काळचा तालुका, सर्वे नंबर, फेरफार क्रमांक, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत. ‘आमच्या घराण्याचे सर्व जुने अभिलेख’ असं लिहिलेला अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी जातो, आणि लिपिकाला दोष देता येत नाही. मिळालेल्या कागदावर ‘खरी नक्कल’ शिक्का, तयार करणाऱ्याची आणि रुजुवात घेणाऱ्याची, म्हणजे मूळ कागदाशी ताडून पाहणाऱ्याची सही, अर्जाची व नक्कल दिल्याची तारीख हे सगळं आहे का, तिथेच उभं राहून बघा. घरी जाऊन कळलं की पुन्हा फेरा.

‘त्या काळचा तालुका’ हे शब्द आमच्या भागात विशेष महत्त्वाचे. १८४८ मध्ये सातारचं राज्य डलहौसीने खालसा केलं आणि सातारा ब्रिटिश जिल्हा झाला. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हा आजच्या सांगलीचा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. म्हणजे १९३५ च्या शाळेच्या दाखल्यावर ‘ता. तासगाव, जि. सातारा’ आणि १९५५ च्या कागदावर ‘जि. दक्षिण सातारा’ असलं तर ती चूक नाही, पुरावाच आहे. बाहेरच्या राज्यातला किंवा वकिलातीतला अधिकारी मात्र दोन जिल्हे बघून अडतो. अर्जासोबत अर्ध्या पानाचा खुलासा आधीच जोडलेला बरा.

संस्थानी गावांचं गणित आणखी वेगळं. आटपाडी आणि कुंडल औंध संस्थानात, जत आणि फलटण स्वतंत्र संस्थानं, सांगली वेगळं, मिरजेच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन पात्या, त्यातली धाकटी बुधगावला. १९४८ मध्ये ही संस्थानं मुंबई राज्यात विलीन झाली. त्याआधीचं दप्तर ब्रिटिश जिल्ह्याच्या पद्धतीने लावलेलं असेलच असं नाही, कालगणनाही वेगळी भेटते. इसवी सन काढायला शके असेल तर ७८ मिळवा, दक्षिणेकडची फसली (महसुली कालगणना) असेल तर साधारण ५९०. आणि तालुक्यांची फोड पुढेही चालू राहिली: पलूस, कडेगाव हे तालुके नंतरचे. कडेगावच्या गावाचं जुनं दप्तर हवं असेल तर विट्यात चौकशी केल्याशिवाय ‘नाही’ हे उत्तर स्वीकारू नये.

आता नावं. जुन्या कागदांत आडनाव बहुधा नसतंच. ‘रामा बिन बाळा’ म्हणजे बाळाचा मुलगा रामा, ‘सखू कोम रामा’ म्हणजे रामाची बायको सखू. तुकाराम हा एका कागदावर तुका, दुसऱ्यावर तुकोजी. वतनामुळे पाटील, कुलकर्णी लावणाऱ्यांचं मूळ आडनाव शाळेच्या रजिस्टरला सापडतं आणि सातबाऱ्याला नाही. एकाच गावात तीन ‘दगडू बिन सखाराम’ असू शकतात. अशा वेळी सर्वे नंबर, भावाचं नाव आणि मृत्यूची तारीख अशा दोन तरी गोष्टी जुळल्याशिवाय वंशावळीत नाव चढवू नका. जातीचा दाखला तपासणारी पडताळणी समिती तिथेच बोट ठेवते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले बरेच कागद मोडी लिपीत आहेत. मोडी वाचकाकडून देवनागरी लिप्यंतर करून घ्या, त्याची सही-तारीख घ्या, आणि ते मूळ नकलेला जोडा. नुसतं लिप्यंतर कुणी धरत नाही. जतकडच्या कानडी शाळांचं रजिस्टर कानडीत असतं, त्यालाही हाच नियम.

ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, त्यांच्यासाठी ही सेवा निम्मीच उरते आणि माझ्या मते हाच तिचा सर्वांत मोठा दोष. सातबारा खातेदाराला ओळखतो, त्याच्या बांधावर राबणाऱ्याला नाही. त्यांचा आधार दोनच वह्या: गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद असलेलं कोतवाल बुक, आणि जिल्हा परिषद शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर. कोतवाल बुकं तहसीलच्या अभिलेख कक्षात मागा, १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायतीत. शाळेतून टंकलेला उतारा घेऊन थांबू नका, रजिस्टरच्या त्या पानाची मुख्याध्यापकांनी साक्षांकित केलेली छायाप्रतही घ्या, रजिस्टर क्रमांक आणि अनुक्रमांकासह. आजोबा शाळेत गेले नसतील तर त्यांचा भाऊ, बहीण, चुलत भाऊ बघा. वडिलांकडच्या रक्तनात्यातला कुणीही चालतो, फक्त वंशावळीत ती फांदी दाखवावी लागते. आत्याआजीचा शाळेचा दाखला ऐन वेळी कामी येतो आणि तो बहुतेक कुणी शोधतच नाही. विवाहित स्त्रीने वंशावळ माहेरची द्यायची, सासरची नाही.

२०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी ठिकठिकाणचं जुनं दप्तर उघडलं गेलं, त्याचा फायदा सगळ्यांनाच झाला. कोणती वही कुठे आहे हे तरी कळलं. सोबत ‘नोंद शोधून देतो’ म्हणणारे मध्यस्थही वाढले. वेगळ्या शाईतली जात, खाडाखोड, मध्येच घुसवलेली ओळ असलेला उतारा कुणी आणून दिला तर तो अर्जाला लावू नका. मूळ वही तपासली जाते, आणि गुन्हा अर्जदारावर दाखल होऊ शकतो.

कोयनेच्या विस्थापितांचं मूळ गाव नकाशावरच नाही. शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांची कुटुंबं सांगली, रायगड, ठाणे अशी पांगली. त्यांनी सातबाऱ्यामागे धावण्याऐवजी भूसंपादनाचा निवाडा आणि पुनर्वसन शाखेतलं संकलन रजिस्टर मागावं. खातेदार, कुटुंबातली माणसं, गेलेली जमीन, दिलेली जमीन असं सगळं एका ठिकाणी मिळण्याची शक्यता तिथे जास्त.

पुरात दप्तर भिजलेलं असेल, कृष्णाकाठी २००५, २०१९, २०२१ आठवा, तर ‘अभिलेख उपलब्ध नाही’ हे लेखी घ्या. तोंडी नकाराला किंमत नाही, लेखी नकाराला आहे: तो जोडून दुय्यम पुरावा देता येतो. लेखी देत नसतील तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा आणि अभिलेख पाहणीची मागणी करा, पाहणीचा पहिला तास मोफत असतो.

हेळवी हाही एक दरवाजा. सुगीनंतर बैल घेऊन येणारे आणि घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवणारे हेळवी अजून मिरज, जत, तासगाव पट्ट्यात काही घरांना माहीत आहेत. त्यांची वही तहसीलच्या खिडकीवर पुरावा म्हणून चालत नाही. पण घराणं कुठल्या गावाहून आलं, किती भाऊ फुटले, कुठल्या शाखेने आडनाव बदललं, हे त्यांच्याकडून कळलं की पुढचा शोध कुठल्या तालुक्यात करायचा ते ठरतं. धान्य, दक्षिणा जे द्यायचं ते मोकळ्या हाताने द्या, माहिती त्या मोलाची असते.

अधिवास दाखला: चार गुण

इथे पूर्वज लागत नाहीत. महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य आणि त्याचा सलग पुरावा, एवढंच. कुपवाड एमआयडीसीत वीस वर्षं काम करणारा बिहारी कामगार यात बसतो, आणि कोइमतूरला जन्मून तिथेच शिकलेला विट्याचा नातू अडकतो. अनेकांना हे उलटं वाटतं. मला बरोबर वाटतं, कारण हा दाखला राहण्याचा आहे, वंशाचा नाही. उद्योग खात्याच्या ८० टक्के स्थानिकांच्या धोरणातही ‘स्थानिक’ म्हणजे १५ वर्षांचा रहिवासीच. भारतात अधिवास एकच, भारताचा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली प्रदीप जैन प्रकरणात म्हटलं होतं, आणि जानेवारी २०२५ मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातलं अधिवासावर आधारलेलं आरक्षण घटनाबाह्य ठरवताना त्याचाच आधार घेतला.

दाखल्याचं राष्ट्रीयत्वाचं अंग लोक विसरतात. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेल्याला जन्मच पुरे. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ च्या आधीपर्यंत जन्मलेल्याला आई-वडिलांपैकी एक भारतीय नागरिक हवा. त्या तारखेपासून पुढे दोघेही नागरिक, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. आधार कार्ड यातलं काहीच सिद्ध करत नाही, ना नागरिकत्व ना अधिवास. ओळखपत्र म्हणून लावा, पुराव्याच्या रकान्यात जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला द्या.

पोर्टलवर अर्ज अडकतो तो बहुतेक फाइलच्या आकारामुळे. कागद ७५ ते ५०० केबी, फोटो ५ ते २० केबी. मोबाइलवरचा फोटो तसाच चढवला की नाकारला जातो, आणि फार दाबून लहान केला की अक्षर वाचता येत नाही म्हणून त्रुटी निघते. १५ वर्षांचा पुरावा देताना मधली वर्षं रिकामी ठेवू नका: शाळेचा बोनाफाइड, वीजबिल, घरपट्टीची पावती असं साल लावून एकाच पीडीएफमध्ये घाला. प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा मुद्रांक घ्यायला कुणी सांगितलं तर नको म्हणा, अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे. मुदत १५ दिवसांची. ती उलटली तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली पहिलं अपील, दुसरं अपील आणि शेवटी आयोग. पहिलं अपील ऑनलाइन टाकता येतं आणि टाकल्यावर फाइल हलते. एक गुण कापला तो जूनच्या गर्दीसाठी. बारावीचं वर्ष सुरू होतानाच अर्ज केला तर पुढची धावपळ टळते.

गलाई कुटुंबांसाठी फरक समजून घेण्यासारखा आहे. अभियांत्रिकीच्या प्रवेशात ‘अ’ प्रकाराला दहावी-बारावी महाराष्ट्रातून लागते, पण ‘ब’ प्रकारात आई किंवा वडिलांचा अधिवास दाखला असला तरी चालतो. सीमाभागातल्या मराठी भाषकांसाठी ‘ई’ प्रकार आहे. वैद्यकीयला राज्याच्या कोट्यात सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही इथूनच लागतात. त्यामुळे मुलाला डॉक्टर करायचं असेल तर आठवीतच विट्याला आणावं लागतं, अकरावीत आणून उपयोग नाही. त्या वर्षीची माहितीपुस्तिका मात्र पाहावीच, पोटनियम बदलतात.

परदेशी पासपोर्टवाल्यांसाठी

ओसीआयला चौथी पिढी, म्हणजे पणतूपर्यंत मुभा आहे, आणि इथे पुन्हा नक्कल खिडकीच कामी येते: पणजोबांचा सातबारा किंवा शाळेचा उतारा, आणि मधल्या प्रत्येक पिढीचा जन्मदाखला. साखळीत एक कडी तुटली की बाकी सगळं वाया. भारतीय वंशाच्या लोकांना पूर्वी मिळणारं जुनं पीआयओ कार्ड जानेवारी २०१५ पासून ओसीआयमध्येच विलीन आहे. ओसीआय असला तरी शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मिळू शकते. म्हणून वारस नोंद वेळेत करा, इथे चुलत्यांवर सोडू नका.

मॉरिशसच्या मराठी मंडळींना मार्च २०२४ मध्ये सातव्या पिढीपर्यंत सवलत जाहीर झाली. त्यांनी शोध इकडून सुरू करू नये. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची नोंदणी कागदपत्रं आहेत, आधी तिथून आपल्या पूर्वजाचा स्थलांतरित क्रमांक, बापाचं नाव आणि गाव मिळवावं. गावाचं नाव इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेलं असतं, त्यामुळे ते मोठ्याने वाचून बघावं. लिहिलेलं पाहून जे कळत नाही ते कानाला कळतं.

डीएनए किट: एक गुण, तोही पॅकिंगला

किट वापरायला सोपी. अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, नळीत रेषेपर्यंत लाळ, झाकण, कुरिअर. अडचण निकालात आहे. टक्केवारी निघते ती कंपनीकडच्या तुलना-नमुन्यांवरून. त्यात दख्खनचे नमुने थोडे असतील तर उत्तर ‘दक्षिण आशियाई’ एवढंच येतं, आणि नमुने वाढवले की तुमचे टक्के घरबसल्या बदलतात. सख्ख्या भावंडांचे आकडेही वेगळे येतात. पणजोबांचा वाटा सरासरी साडेबारा टक्के, सात पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा एक टक्क्याहून कमी.

आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लावायची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, आणि जातीतल्या जातीत तर सगळेच. त्यामुळे दोन माणसांत जुळणारा डीएनए अपेक्षेपेक्षा जास्त निघतो आणि किट लांबच्या भाऊबंदाला ‘तिसऱ्या पिढीचा चुलत भाऊ’ ठरवते. ‘आम्ही इथलेच, शुद्ध’ हे ऐकण्यासाठी पैसे देणाऱ्यांचीही निराशा होणार: २०१३ च्या जनुकीय अभ्यासानुसार उपखंडातले जवळजवळ सगळे समाज साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत मिसळले, लग्नाची कुंपणं त्यानंतरची. गाव, जात, नागरिकत्व यांपैकी एकही गोष्ट हा अहवाल सिद्ध करत नाही आणि कुठलीच खिडकी तो घेत नाही.

किट आधीच घेतली असेल तर नमुना पाठवण्याआधी संमतीपत्रातला संशोधनासाठीच्या वापराचा रकाना वाचा आणि नको असेल तर बंद करा. २३अँडमी या अमेरिकी कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये फुटली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. अहवाल उतरवून घेतल्यावर खातं मिटवताना दोन वेगळ्या मागण्या कराव्या लागतात, माहिती पुसण्याची आणि साठवलेली लाळ नष्ट करण्याची. पहिली केली म्हणून दुसरी झाली असं धरू नका, दोन्हींची पोच ईमेलवर मागून घ्या.